वरणातला गूळ

सालईटोला, पारशिवनी
१० मार्च १९७७

चि. प्रेमिला हिला मामाचा जयभीम.

घरी सुखरूप पोचलो. लगेच लिहिलं नाही म्हणून तू एव्हाना मनातल्या मनात दोन-चार शिव्या घातल्या असशील, त्या पोचल्या असं समज. एस.टी.त तुझी माय सगळा रस्ता माझ्या पोटावर हात धरून बसली होती. टाके उसवले तर आतडी जागच्या जागी झेलायची, असा तिचा बेत असावा. कंडक्टरनं विचारलं, "गुरुजी, काय लपवून नेऊन राहिले गा?" मी म्हटलं, "नेऊन काही नाही राहिलो, ठेवून आलो. अर्ध्यावर जठर नागपूरच्या डॉक्टरले देल्लं."

पण अल्सर कापून काढला हे फार चांगलं झालं. इतकी वर्षं पोटात जो जाळ होता तो विझला आहे. जखम कोरडी आहे. भूक लागते, मात्र चार घासांत पोट गच्च होतं.

टोल्यातली माणसं भेटायला येतात आणि रिकाम्या हातानं कोणी येत नाही. शेजारच्या रंभाबाईनं रव्याचे लाडू आणले. शाळेतल्या जुन्या पोरांनी पेढे आणले; त्यांतल्या एकाला मी पाढ्यांसाठी भरपूर झोडपलं होतं, त्याचा पेढा सगळ्यांत मोठा. आजारी माणसाला गोड घालून उभं करायचं हे आपल्याकडे ठरलेलंच आहे. तुझी माय सकाळी गुळाचं पाणी देते, दुपारी शिरा करते आणि मधल्या वेळेत तू दिलेल्या डब्यातलं ग्लुकोज कालवून पुढे ठेवते. "माह्या प्रेमिलानं देल्लं हाय, पेऊन घे," म्हणते. तुझं नाव पुढे केलं की मला तोंड उघडता येत नाही.

जेवणानंतर कधी थोडा घाम येतो, अशक्तपणा वाटतो. उन्हाळा लागला, त्याचं असेल. सकाळी विहारात जातो, वंदना मीच सांगतो. तू रात्रपाळ्या करून स्वतःचं पोट बिघडवू नकोस. एका घरात एक ऑपरेशन पुरे.

तुझा,
धोंडबामामा

इंदोरा, नागपूर
२२ मार्च १९७७

ती. मामांना प्रेमिलाचा जयभीम.

शिव्या दोन-चार नव्हत्या, जास्त होत्या. पुढच्या वेळी लवकर लिहा.

तुमचं पत्र मी वॉर्डातल्या बायकांना वाचून दाखवलं. आतडी झेलण्याचं ऐकून हसता हसता एकीचे टाके दुखायला लागले. मामा, तुम्हाला टेबलावर नेलं त्या दिवशी मी ड्यूटी सोडून थिएटरच्या दाराशी उभी होते, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. बाबा गेल्यावर तुम्ही मायला आणि आम्हा लेकरांना आपल्या घरी आणलं, मला शिकवलं, नर्सिंगला पाठवलं. तुम्हाला काही झालं असतं तर मला घर राहिलं नसतं.

अशक्तपणा वाटणारच, एवढं मोठं ऑपरेशन झालं आहे. ग्लुकोज सोडू नका. गळून गेल्यासारखं वाटलं की दोन चमचे पाण्यात घ्या, लगेच ताकद येते. संपलं तर कळवा, बर्डीच्या बाजारातून दुसरा डबा घेऊन पाठवीन. जेवण पातळ घ्या, जेवताना पाणी भरपूर प्या, म्हणजे पचायला हलकं जाईल. मायला सांगा, तिची सेवा चालू दे.

तुमची,
प्रेमिला

सालईटोला
७ मे १९७७

चि. प्रेमिला हिस जयभीम.

दुसरा डबा मिळाला. तू म्हणतेस तसं ग्लुकोज घेतल्यावर खरंच बरं वाटतं. ते बरेपण टिकत नाही, एवढंच.

परवा वैशाख पौर्णिमा झाली. विहाराला चुना दिला होता, पोरींनी दारात रांगोळी काढली होती. सगळ्या टोल्याची मिळून खीर केली होती आणि पहिली वाटी मला दिली. मी बुद्धाच्या जन्मावर चार शब्द बोलणार होतो, ते या वर्षी राहिले. ऊन फार होतं, म्हणून मी जरा लवकर घरी आलो.

तुझ्या मायचं अलीकडे काय चाललं आहे कळत नाही. मी जेवल्याशिवाय जेवत नाही. माझी ताटली दुसऱ्या कोणाला घासू देत नाही. सकाळी उठलो की दाराशी उभी असते आणि माझ्याकडे बघत राहते. मी रागावलो तर उलट खाली मान घालते. तुला माहीत आहे, आजवर माझ्या रागाला मान खाली घालणारी बाई ती नव्हे. आजारपणात माझी फार काळजी केली, त्यानं मन थकलं असेल.

बाकी ठीक. आंबा या साली कमी आहे.

धोंडबामामा

इंदोरा, नागपूर
१५ मे १९७७

ती. मामांना जयभीम.

काल रंभाबाई तिच्या सुनेला घेऊन आमच्या दवाखान्यात आली होती. तिनं मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "पोरी, तुह्या मामाच्या अंगात येऊन राहिलं. पुनवेले विहारात सगळ्यायनं पाह्यलं. मरीमाय वापस आली म्हनते लोक."

ऊन फार होतं म्हणून लवकर घरी आलात, असं तुम्ही लिहिता. रंभाबाई सांगते, खीर खाऊन थोड्याच वेळात तुमचा चेहरा लालबुंद झाला, घामानं सदरा भिजला, छाती वरखाली व्हायला लागली, हातपाय कापायला लागले आणि तुम्हाला चौघांनी उचलून घरी नेलं. आणि विहाराच्या दारात बायका तुमच्या पाया पडल्या. हे ऊन आहे होय?

मला राग आला आहे. मी नर्स आहे, मला काय लपवता? नेमकं काय होतं ते मला लिहा. केव्हा होतं, काय खाल्ल्यावर होतं, किती वेळ राहतं, परत होतं का, तेव्हा शुद्ध असते का. लाजू नका. आणि माय या सगळ्यात काय म्हणते तेही लिहा, कारण रंभाबाईनं मायचं नाव निघाल्यावर गोष्ट बदलली.

प्रेमिला

सालईटोला
२१ मे १९७७

चि. प्रेमिला,

तुझा राग रास्त आहे. आता जे आहे ते लिहितो. हे पत्र कोणाला वाचून दाखवू नकोस.

ऑपरेशननंतर घरी आल्यापासूनच हे सुरू आहे. खाऊन हात धुतो न धुतो तोच छातीत धडधड सुरू होते, अंग तापतं, घाम सुटतो, पोटात गुडगुड होते, उभं राहवत नाही. आडवा झालो की हळूहळू उतरतं. मग वाटतं सुटलो, आणि एक-दोन तासांनी पुन्हा. हा दुसरा फेरा वेगळा असतो. हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मी काहीबाही बोलतो, असं म्हणतात. मला त्यातलं अर्धं आठवत नाही. तेव्हा तुझी माय ग्लुकोज पाजते आणि मी ताळ्यावर येतो. पुढचं जेवण झालं की तेच.

आता भीतीचं सांगतो. माझे वडील, तुझे आजोबा, मरीमायचे भगत होते. हगवणीची साथ आली की गाव त्यांना दगडापुढे बसवायचं, त्यांच्या अंगात यायचं आणि ते बोलतील तसं गाव करायचं. मी लहानपणी हे पाह्यलं आहे. घाम, थरथर, लाल डोळे, सगळं असंच. त्यांच्यानंतर ते माझ्याकडे येणार असं सगळे धरून चालले होते. मी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आलो, तो शेंदराचा दगड स्वतः डोक्यावर घेतला आणि पेंचच्या डोहात टाकला. टोल्यातल्या घराघरानं माझ्या शब्दावर देव काढले. आणि आज त्याच टोल्यासमोर मी थरथरतो आहे. विहारामागच्या चिंचेखाली कोणीतरी परवा एक दगड ठेवला, त्याला शेंदूरही लागला. माझी मुलं, म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेली माणसं, तिथे नारळ ठेवून जातात. मी वीस वर्षं जे उभं केलं ते माझंच अंग पाडून राहिलं आहे. कधी कधी पहाटे मला वाटतं की आपणच चुकलो असू, ती खरंच परत आली असेल. हे मी तुझ्याशिवाय कोणाला लिहू शकत नाही.

आणि तुझी माय. तुझा भाऊ ताराचंद दगड डोहात टाकल्यावर पुढच्याच वैशाखात हगवणीनं गेला. तू तेव्हा नऊ-दहा वर्षांची होतीस. तुझ्या मायनं, पार्वतानं, मला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. दीक्षाही घेतली, वंदनेलाही येते. पण पौर्णिमेच्या दुपारी मी अर्धवट शुद्धीत होतो तेव्हा ती माझ्या पायाशी बसून हळूच म्हणाली, "माह्या ताराचंदले काहून नेलं वं माय?" मला ऐकू आलं. जीभ उचलली नाही म्हणून मी नुसता कण्हलो. तेव्हापासून ती देवीच्या उत्तरासाठी थांबली आहे. मी जेवायला बसलो की समोर येऊन बसते आणि वाट बघते.

धोंडबा

इंदोरा, नागपूर
२ जून १९७७

ती. मामांना जयभीम.

तुमचं पत्र मी कोणाला दाखवलं नाही. त्यातली दुखण्याची लक्षणं मात्र वेगळ्या कागदावर उतरवून आमच्या मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "गोड किती खातात?" मी सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

मामा, हे तुमच्या ऑपरेशनमुळे होतं. ते असं. जठराच्या तळाशी एक दार असतं. शाळा सुटल्यावर तुम्ही दाराशी उभं राहून पोरांना दोन-दोन करून सोडायचे ना, तसं ते दार अन्न थोडं थोडं आतड्यात सोडतं. ऑपरेशनमध्ये तुमचं ते दार गेलं. आता जे खाल ते धाडकन आतड्यात पडतं. भाकर पडली तर फारसं बिघडत नाही, ती फुटायला वेळ लागतो. साखर आणि गूळ मात्र लगेच विरघळतात, आणि इतकी साखर एकदम आली की तिला पातळ करायला आतडं रक्तातलं पाणी ओढून घेतं. त्यानं धडधड होते, गळून जायला होतं. शिवाय आतड्याच्या अस्तरातून काही द्रव्यं रक्तात सुटतात, त्यांना हार्मोन म्हणतात. साखर आली, तयारीला लागा, असा निरोप ती अंगभर देतात. तुमच्या आतड्यात सगळी साखर एकाच वेळी येते, म्हणून निरोपही फार जोरानं जातो. अंग लाल होतं, घाम फुटतो. तोच निरोप स्वादुपिंडालाही जातो, ते गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि एक-दोन तासांनी रक्तातली साखर खाली घसरते. तुमचं कापणं आणि बरळणं ते. त्या वेळी ग्लुकोज प्यायल्यावर बरं वाटतं आणि जास्त झालं की पुढचा फेरा सुरू होतो. या सगळ्या हार्मोनांचा अजून पुरता पत्ता लागलेला नाही, शोध चालू आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण दुखणं त्यांच्या पाहण्यातलं आहे आणि बहुतेकांना पथ्यानं आराम पडतो.

म्हणजे तुमच्या अंगात कोणी आलेलं नाही. आला असेल तर माझा ग्लुकोजचा डबा. तो मीच पाठवला, भरपूर पाणी प्या हेही मीच लिहिलं, आणि दोन्ही चूक होतं. आजपासून साखर, गूळ, शिरा, खीर, लाडू बंद. थोडं थोडं पण पुष्कळ वेळा खा. भाकर, घट्ट वरण, अंडी, मासळी चालेल. जेवताना पाणी नको, नंतर अर्ध्या-पाऊण तासानं प्या. जेवल्यावर थोडं आडवं व्हा. एक-दोन तासांनी हात कापायलाच लागले तर चिमूटभर साखर जिभेवर ठेवा आणि वर भाकरीचा तुकडा खा, ग्लास भरून काही पिऊ नका.

आता जे लिहिते ते मायला कळू देऊ नका. आमच्याकडे हगवणीनं सुकलेली लेकरं येतात. दोन-तीन वर्षांपासून आम्ही त्यांना उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि साखर मोजून घालून ते चमच्या-चमच्यानं पाजतो. नुसतं मीठ-पाणी आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही. साखर असली की ती मिठाला आणि पाण्याला सोबत घेऊन आत जाते. डोळे खोल गेलेलं लेकरू संध्याकाळी रडायला लागतं आणि त्याची माय हसते. तुम्हाला आडवं पाडणारी साखर ती हीच. पहिल्यांदा हे पाजलं त्या दिवशी मी कपडे धुण्याच्या खोलीत जाऊन रडले. मला आठवतं मामा, ताराचंदचं पाणी बंद केलं होतं. वर पाणी गेलं की खालून जास्त जातं, असं सगळे म्हणत होते. तो पाण्यासाठी हात पुढे करत होता आणि माय तोंड फिरवून बसली होती.

तिनं देवीला दोष दिलेला मला चालेल. तिनं स्वतःला दिलेला चालणार नाही. तेवढं सांभाळा.

प्रेमिला

सालईटोला
२८ जून १९७७

चि. प्रेमिला हिस जयभीम.

तुझं पथ्य पाळतो आहे आणि थरथर थांबली आहे. तुझ्या पत्रातला दाराचा उतारा मी इतक्या वेळा वाचला की पाठ झाला. मला किती हलकं वाटलं हे लिहून सांगता येणार नाही. एवढ्या वयाचा माणूस मी, पण पत्र हातात घेऊन गोठ्यामागे जाऊन रडलो. माझं डोकं आणि माझा धम्म दोन्ही जागेवर आहेत, बिघडलं ते पोट.

रविवारी विहारात सगळ्यांना बसवून फळ्यावर जठर काढलं, दार काढलं, आतडं काढलं. जठर वांग्यासारखं झालं, पण समजलं. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. लहानू वायरमन खापरखेड्याच्या कॉलनीतून सुट्टीवर आला होता, तो म्हणाला, "म्हणजे गुरुजी, तुमचा फ्यूज उडून राहिला होता." त्याला मी बरोबर म्हटलं. चिंचेखालचा दगड मात्र तिथेच आहे. पटलं म्हणणारेही जाताना तिकडे एक नजर टाकतात.

पण घरात उलटं झालं आहे. मी सुधारलो तशी तुझी माय खंगायला लागली. जेवण टाकलं आहे. आधी मला वाटलं, माझ्या पथ्याच्या धाकानं तीही कमी खाते. परवा मीच विचारलं. म्हणाली, "आली होती, तू हाकलून देल्ली. मले एकच गोष्ट इचाराची होती. येक डाव खीर खा ना, दादा. येक डाव." मी नाही म्हटलं. ती उठून गेली.

फळ्यापुढे मला टोल्याला समजावता आलं. घरात एका बाईला समजावता येत नाही. तिला सगळं खरं सांगायचं म्हटलं तर ते पाण्यापाशी जाऊन थांबतं, आणि तू तेच सांगू नका म्हणतेस. मी काय करू?

धोंडबा

इंदोरा, नागपूर
५ जुलै १९७७

ती. मामांना जयभीम.

रजा मागितली, मिळाली नाही. पावसाळा लागला की लेकरांचा वॉर्ड भरतो.

मी विचार करून लिहिते आहे, रागावू नका. तुम्ही एकदा तिच्यासाठी देवी व्हा. खीर खायची गरज नाही. नुसते डोळे मिटून बसा, थोडे हला, आणि तिनं विचारलं की सांगा: मी नेलं, तुझी काही चूक नव्हती, आता माझा राग गेला, जेव. एवढंच. आम्ही दवाखान्यात असं रोज बोलतो. ज्याचं माणूस गेलं त्याला आम्ही सांगतो, त्याला त्रास झाला नाही. झालेला असतो.

तुमचा धम्म त्यानं बुडणार नाही. माझी माय उपाशी राहून मेली तर मात्र मी तुम्हाला आणि मला दोघांनाही माफ करणार नाही.

प्रेमिला

सालईटोला
१९ जुलै १९७७

चि. प्रेमिला हिला मामाचा जयभीम.

तुझं पत्र आल्यावर मी चार दिवस ते खिशात घेऊन फिरलो. खोटं बोलणार नाही असं मी रोज सकाळी सगळ्यांच्या पुढे उभा राहून म्हणतो. तरी सांगतो, मी तयार झालो होतो. डोळे मिटून कसं बसायचं तेही ठरवलं होतं. वडिलांना पाहिलेलं असल्यामुळे मला ते चांगलं जमलं असतं.

पण तुझ्या मायनं मला तेवढी संधी दिली नाही. गुरुवारी दुपारी तिनं ताट वाढलं. भाकर, अंडं, आणि वाटीभर वरण. पहिल्या घासाला जीभ चमकली. वरणात गूळ होता, आणि थोडाथोडका नव्हे. आपल्याकडे वरणात गूळ कोण घालतं? ते पुण्याकडचे लोक घालतात. मी वर पाह्यलं तर ती समोर बसली होती, हात जोडलेले नव्हते, पण मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले होते. वाटी बाजूला सारता आली असती. तिचा चेहरा पाहिला आणि नाही सारली. सगळी वाटी प्यायलो. तू रागाव, पण त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. छाती उडायला लागली, अंगातून पाणी निथळलं, मी भिंतीला टेकून खाली आडवा झालो. या खेपेला काय चाललं आहे ते मला ठाऊक होतं, म्हणून भीती नव्हती आणि शुद्ध पूर्ण होती. ती सरकत जवळ आली. मी वाट बघत होतो की आता विचारील, काहून नेलं. तिनं ते विचारलं नाही.

ती म्हणाली, "तो पाणी मांगत होता वं. माह्याकडे हात करत होता. मी नाही देल्लं. मडकं बाजूलेच होतं. सारे म्हनत होते नोको देऊ, म्हनून नाही देल्लं. तो मले काय समजला असंल?"

प्रेमिला, आपण जे तिच्यापासून लपवत होतो ते वीस वर्षं तिच्याजवळच होतं. आपण पत्रांतून एकमेकांना जपून जपून लिहीत होतो आणि ती ते घेऊन माझ्यासमोर भाकरी थापत होती.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे डोळे मिटून दोन वाक्यं बोलायचा तो क्षण होता. ती माझ्या तोंडून निघाली नाहीत. मी म्हटलं, "पार्वता, मी देवी नाही. मी धोंडबा हाओ. गुळानं कापून राहिलो."

ती म्हणाली, "मले मालूम हाय, दादा. गूळ मीच घातला. तू असो का मरीमाय असो, आज बोलून घेते. तुह्या चांगल्या तोंडासमोर माह्यं तोंड उघडत नव्हतं."

मग तिनं विचारलं, "पाणी देल्लं असतं तं वाचला असता का?"

मी खरं सांगितलं. पडल्या पडल्या, दातावर दात वाजत असताना तिला म्हटलं: नुसत्या पाण्यानं वाचला असता की नाही, ठाऊक नाही. मीठ-साखरेच्या पाण्यानं बहुतेक वाचला असता. पण ते पाणी तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, तुला नाही, मला नाही, पारशिवनीच्या डॉक्टरला नाही. मोठ्या दवाखान्यातसुद्धा तेव्हा अशा लेकरांचं पोट रिकामं ठेवत. आणि तो तुला काय समजला असेल म्हणतेस, तर जाताना तो तुझ्याच मांडीवर होता आणि त्यानं तुझ्या लुगड्याचा पदर मुठीत धरला होता. तो मीच सोडवला. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण त्या दिवसाविषयी आमच्या घरात कोणी बोलतच नव्हतं.

ती रडली. मी आजवर तिला असं रडताना पाह्यलं नव्हतं. ताराचंद गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, दगडासारखी बसून होती. आवाज टोलाभर गेला असेल, कारण थोड्याच वेळात अंगणात माणसं जमली. कोणीतरी लिंबू आणलं होतं. रंभाबाई दारातून डोकावली आणि मला घामानं भिजून पडलेला पाहून तिनं हात जोडले. "आली का वं, पार्वताबाई?"

मला उठवत नव्हतं. तुझी माय उठली. पदरानं तोंड पुसलं आणि दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "कोणी नाही आलं. दादाले गूळ चालत नाही आन् मी घातला. मी माह्या ताराचंदसाठी रडून राहिले. तुमी घरी जा."

मग रंभाबाईनं जोडलेले हात सोडले, आत आली आणि तिच्याजवळ बसून तीही रडायला लागली. तिचंही एक लेकरू त्याच वैशाखात गेलं होतं, हे मी विसरून गेलो होतो. बाकीचे एकेक करून गेले. लिंबू ओट्यावरच राहिलं.

दुसरा फेरा दोन तासांनी आला, तेव्हा तुझ्या मायनं चिमूटभर साखर माझ्या जिभेवर ठेवली आणि भाकरीचा तुकडा दिला. मी दोन दिवस पडून होतो, आता बरा आहे. ती काल संध्याकाळपासून जेवते. पोटभर नाही, पण जेवते. चिंचेखालच्या दगडाला मी हात लावणार नाही. ज्यांनी ठेवला त्यांना उचलावासा वाटेल तेव्हा ते उचलतील.

पुढच्या सोमवारच्या गाडीनं तिला तुझ्याकडे पाठवतो. तुझ्या वॉर्डात ते पाणी कसं करतात आणि कसं पाजतात, हे तिला आपल्या डोळ्यांनी पाहायचं आहे. ते पाहून तिला फार त्रास होईल, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, होऊ दे. ती तुला पुष्कळ विचारील. तू तिला जपून काही सांगू नकोस. जे विचारील ते सगळं सांग.

तुझा,
धोंडबामामा